लेक दगड शिकायला जाते म्हणाली तर



आपल्या माणदेशात बोअर मारायचा म्हटला की आधी पाणाड्या येतो. कुणी तळहातावर नारळ धरतो, कुणी तांब्याच्या तारा. तो जागा दाखवतो, गाडी येते आणि फुटाच्या हिशेबानं पैसे जातात. पाणी लागलं तर पाणाड्याचं नाव, धूळ उडाली तर आपलं नशीब. आमच्या गटांतल्या कितीतरी घरांनी कोरड्या बोअरचे हप्ते फेडलेत. बोअर बुजला तरी हप्ता बुजत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

यंदा मात्र आमच्याकडे एक वेगळा अर्ज आला. एका ताईची लेक बारावी सायन्स पास झाली. तिला बीएस्सीला जिऑलॉजी, म्हणजे भूगर्भशास्त्र घ्यायचंय. पुण्यात राहायचं, त्यासाठी आईनं गटाकडे कर्ज मागितलं. नर्सिंगसाठी मागितलं असतं तर पाच मिनिटांत सह्या झाल्या असत्या. दगडासाठी मात्र प्रश्नावर प्रश्न सुरू झाले. म्हणून आम्ही माहिती काढायला लागलो. जे हाती लागलं, ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न होता, दगडात शिकण्यासारखं काय आहे?

आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला आणि थिजला. मग त्यावर दुसरा थर, तिसरा थर. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग याच खडकानं झाकलाय. महाबळेश्वरच्या बाजूला डोंगराच्या अंगावर पायऱ्या पायऱ्या दिसतात ना, ते हेच थर. कोयनेच्या परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञांनी ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं, तेव्हा साधारण सव्वा किलोमीटरपर्यंत हाच खडक लागला. त्याखाली ग्रॅनाइट.

आता यात आपल्या पाण्याची गोष्ट आहे. अखंड काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. पाणी असतं वरच्या मुरमात, खडकाच्या फटींत आणि थराच्या सच्छिद्र भागात. म्हणून बांधाच्या अलीकडे पाणी आणि पलीकडे धूळ. बोअर म्हणजे सहा-साडेसहा इंचाचं भोक. फट चुकली की चुकलीच. ती फट कोणत्या दिशेनं जाते, थर कुठे उघडा पडलाय, पाऊस कुठे मुरतो, हे बघायचं शास्त्र म्हणजे भूगर्भशास्त्र. जमिनीत वीज सोडून खडकाचा विरोध मोजायचं यंत्रही ही माणसं वापरतात. पाण्याची हमी त्यांनाही देता येत नाही. पण अंदाज कशावरून केला ते सांगता येतं, आणि चुकला तर का चुकला हे तपासता येतं. नारळाला असं विचारता येत नाही.

दुसरा प्रश्न, पोरगी डोंगरात भटकणार का? हो, भटकणार. हातोडी, होकायंत्र, भिंग आणि नकाशा घेऊन पोरं-पोरी शिक्षकांबरोबर अभ्यास सहलीला जातात, नमुने आणतात. मग दगडाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा पापुद्रा घासून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. ही कामं बाईला जमतात का, याचं उत्तर तर कधीच मिळालंय. १९८३ साली भारताच्या मोहिमेतून पहिल्यांदा दोन बायका अंटार्क्टिकाला निघाल्या. एक सुदीप्ता सेनगुप्ता, भूगर्भशास्त्रज्ञ. दुसऱ्या अदिती पंत, समुद्राच्या अभ्यासक, जन्म आपल्या नागपूरचा. खाणीत जमिनीखाली बायकांनी काम करायला १९५२ च्या खाण कायद्यानं बंदी होती. २०१९ साली तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी तीही वाट उघडली.

तिसरा प्रश्न नोकरीचा. इथे आम्ही गोड बोलणार नाही. नुसत्या बीएस्सीवर भूवैज्ञानिकाची जागा मिळणं अवघड. बहुतेक ठिकाणी एमएस्सी लागते, म्हणजे पाच वर्षं धरा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही १८५१ सालची संस्था आणि केंद्रीय भूजल मंडळ, इथल्या जागांसाठी यूपीएससीची वेगळी परीक्षा असते. आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. धरणं, बोगदे, रस्ते, खाणी इथेही काम असतं. जागा थोड्या, पण गरज मोठी. २०१४ साली माळीण आणि २०२३ साली इर्शाळवाडी दरडीखाली गेली, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. कोणता उतार धोक्याचा, हे सांगणारी माणसं आपल्याला लागणारच आहेत.

चौथा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारला नाही, पण सगळ्यांच्या मनात होता. पाच वर्षं शिकली तर लग्नाचं काय? त्यावर तिची आईच बोलली, "मी अठराव्या वर्षी आले आणि बावीस वर्षं पाणी वाहिलं. तिचं लग्न थांबेल थोडं. माझी घागर कुठे थांबली?" त्यावर कुणाला उत्तर सुचलं नाही.

मग कुणीतरी म्हणालं, नोकरी लागेलच असं लिहून घ्या. तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर आक्कांनी विचारलं, "बोअरला पैसे देताना पाणी लागेलच असं कुणी लिहून घेतलं? मग पोरीकडून कशाला?" अर्ज मंजूर झाला. पैसे दोन टप्प्यांत, नेहमीच्याच व्याजानं. वेगळी अट नाही.

तुमच्या घरात अशी लेक असेल तर एवढं करा. बारावी सायन्स हवी. सगळ्याच कॉलेजांत हा विषय नसतो, तेव्हा आधी चौकशी करा. पुण्याचं फर्ग्युसन, मुंबईचं सेंट झेवियर्स इथे तो आहे. नागपूर, अमरावती, नांदेडच्या विद्यापीठांतही पुढचं शिक्षण मिळतं. फीबरोबर वसतिगृह आणि अभ्यास सहलींचा खर्च आधीच विचारून घ्या. शिष्यवृत्तीची तारीख चुकवू नका.

आणि एक काम आपल्या सगळ्यांचं. कोणती विहीर वैशाखापर्यंत टिकते, कोणती संक्रांतीलाच तळ दाखवते, कुठे खणलं की मुरूम लागतो, हे आपल्याला पाठ आहे. ते वहीत लिहून ठेवा. महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीनं आपल्या विहिरीचं पाणी किती हातांवर आहे ते सांगावं आणि सचिवानं हप्त्यांच्या खाली ते टिपावं. शिकून आलेल्या लेकींना कामाला लागताना आपली ही वही उपयोगी पडेल.