ना घाई, ना घड्याळ



राजूरच्या गणपतीला अंगारकीची गर्दी असते.
नारळ-फुलांच्या दुकानात दिवसभर उभा राहिलेला माणूस रात्री घरी टेकतो.
पाय थांबतात... डोकं थांबत नाही.
मग हात मोबाईलकडे जातो.

अशा वेळी मारामारीचा खेळ नको.
घड्याळ नसलेलं कोडं घ्या.

आता 'मॉन्युमेंट व्हॅली'च बघा. 2014 साली आलेला खेळ.
आयडा नावाची छोटी राजकन्या.
तिला पलीकडे न्यायचंय.
वाट मध्येच तुटलेली.
आपण बोटानं एक दांडा हळूच फिरवायचा...
आणि तुटलेली वाट जुळते!
खरं तर तो नजरेचा भ्रम. पण मजा येते.

दुसरा खेळ, 'अनपॅकिंग'. ऑस्ट्रेलियात तयार झालेला.
दर नव्या घरात एका मुलीची खोकी उघडायची, सामान लावायचं. बस्स.
एका घरात मात्र त्या मुलीच्या पदवीच्या प्रमाणपत्राला भिंतीवर जागाच मिळत नाही.
ते शेवटी पलंगाखाली सरकवावं लागतं.
कुणी काही बोलत नाही... पण आपल्याला सगळं कळतं.

फुकटच्या खेळांचं जरा जपून.
'जीव संपले, पैसे भरा' असं सांगणारा खेळ विसाव्याचा नव्हे.
साधं सुडोकू त्यापेक्षा बरं.
इंटरनेट बंद ठेवूनही ते खेळता येतं.

पुन्हा सांगते, घड्याळ नसलेलं कोडं घ्या.
आज सुटलं नाही, तर तसंच ठेवून झोपा.
उद्या ते तिथंच असेल.