करवतीचा कंप आणि लाकडाची बचत



अनुवाद करणाऱ्या बाईने व्याख्यानासाठी करवतीच्या पात्याचा विषय निवडावा, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. मी मराठी विषय घेऊन एम. ए. झाले, यंत्रशास्त्राशी माझा परिचय शब्दकोशापुरताच. परंतु लाकूडकामावरील एका ग्रंथाचा अनुवाद करताना एका शब्दापाशी माझी लेखणी अडली, आणि त्या अडचणीतून मी जे शिकले, तेच आज आपणांपुढे मांडणार आहे.

मूळ वाक्याचा अर्थ असा होता की, वर्तुळाकार करवत यंत्रावर चढवण्यापूर्वी पात्याला योग्य ‘टेन्शन’ दिलेले असावे. मी बिनदिक्कत लिहून टाकले, ‘पात्याला ताण द्यावा.’ वाक्य शुद्ध होते. पण त्याचा अर्थ काय? तारेला ताण देता येतो, कारण तिला दोन टोके असतात. पट्टाकरवतीलाही देता येतो, कारण तिचा पट्टा दोन चाकांवरून जातो आणि चाके दूर सारली की तो ताणला जातो. परंतु वर्तुळाकार पाते मध्यभागी दांड्यावर घट्ट बसवलेले असते आणि त्याची कड सर्व बाजूंनी मोकळी असते. तिला ओढणार कोण आणि कोठून? शब्दकोशात याचे उत्तर नव्हते. ते मला म्हैसूर जिल्ह्यातील पिरियापट्टण येथे मिळाले.

पिरियापट्टण हे म्हैसूरहून कोडगूकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. भोवताली तंबाखूची शेते. पश्चिमेला थोड्या अंतरावर बैलकुप्पे येथील तिबेटी निर्वासितांची वसाहत आणि तिच्यापलीकडे कॉफीचे मळे. या मळ्यांत सावलीसाठी सिल्व्हर ओकची झाडे लावतात, आणि ती तोडली की त्यांचे ओंडके फळ्यांसाठी व प्लायवुडसाठी जातात. तेथील एका लहानशा सॉ मिलमध्ये पात्यांची देखभाल करणारे एक वृद्ध कारागीर मला भेटले. या धंद्यात अशा माणसाला ‘सॉ डॉक्टर’ म्हणतात. ते कन्नड बोलत, आणि माझ्यासोबतचे गृहस्थ मला त्याचा अर्थ सांगत. आपल्या करवतीला कन्नडमध्ये ‘गरगस’ म्हणतात, ही माझी तेथील पहिली कमाई.

त्यांनी एक पाते ऐरणीवर ठेवले आणि गोल तोंडाच्या हातोडीने कड व मध्य यांच्या दरम्यानच्या पट्ट्यावर हलके ठोके द्यावयास आरंभ केला. काही ठोके दिले की पाते उचलून ते किंचित वाकवीत, त्यावर सरळ पट्टी धरीत आणि पट्टीखालून किती उजेड दिसतो ते न्याहाळीत. मी विचारले, ‘‘पाते तर सपाटच दिसते, मग ठोकता कशाला?’’ ते म्हणाले, ‘‘अम्मा, थंड असताना सपाट आहे. लाकडात शिरल्यावर ते सपाट राहावे म्हणून ठोकतो.’’

या एका वाक्यात सारे शास्त्र आहे. ते आता क्रमाने पाहू.

धातूच्या पत्र्याला धक्का दिला की तो कापतो. मात्र तो वाटेल तसा कापत नाही. १७८७ मध्ये क्लाड्नी या जर्मन संशोधकाने पत्र्यावर वाळू पसरून त्याच्या कडेवरून व्हायोलिनचा गज फिरवला, तेव्हा वाळू हलत्या भागांवरून उडून स्थिर रेषांवर गोळा झाली आणि सुंदर आकृत्या उमटल्या. करवतीच्या पात्यावरही अशाच स्थिर रेषा असतात. त्यांपैकी काही व्यासाच्या दिशेने जातात. असे दोन व्यास स्थिर असतील तर पात्याचे चार भाग आळीपाळीने उजवीकडे आणि डावीकडे झुकतात. अशा प्रत्येक प्रकारच्या कंपाची स्वतःची एक वारंवारता असते.

आता हेच पाते फिरू लागते. त्यावरील कंप म्हणजे कडेने धावणाऱ्या दोन लाटा होत. एक फिरण्याच्या दिशेने जाते, दुसरी उलट दिशेने. धावत्या आगगाडीत एखादा माणूस मागच्या डब्याकडे चालू लागला, तर फलाटावरून पाहणाऱ्याला त्याचा वेग कमी झालेला दिसतो. तो गाडीच्याच वेगाने मागे धावू शकला, तर फलाटावरच्या माणसाला तो एकाच जागी असल्याचे दिसेल. उलट दिशेच्या लाटेचेही तसेच होते. समजा, पाते मिनिटाला ३००० म्हणजे सेकंदाला ५० फेरे घेते आणि फिरत असताना दोन व्यासांच्या कंपाची वारंवारता सेकंदाला १४० आहे. बाहेरून पाहणाऱ्याला उलट लाटेची वारंवारता १४० उणे दोन वेळा ५०, म्हणजे ४० भासेल. परंतु काही कारणाने १४० चे १०० झाले, तर वजाबाकी शून्य होते. लाट जागच्या जागी उभी राहते, आणि लाकडाचा एका बाजूने पडणारा साधा, स्थिर दाबदेखील पात्याला उत्तरोत्तर अधिक वाकवीत जातो. या वेगाला क्रांतिक वेग म्हणतात. फिरत्या चकतीच्या कंपांचे गणित लॅम्ब आणि साउथवेल या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९२१ मध्ये मांडले होते.

१४० चे १०० होण्याचे एक मोठे कारण म्हणजे उष्णता. कापण्याचे काम दाते करतात, म्हणून कड तापते. मध्यभाग त्या मानाने थंड राहतो. तापलेली कड प्रसरण पावू पाहते, पण मध्यभाग तिला जागा देत नाही. मग ती दबली जाते, सैल पडते आणि कापडाच्या झालरीसारखी लहरू लागते. दाते बोथट असतील तर उष्णता आणखी वाढते. सागवानासारख्या लाकडात सिलिका असते. ती दात्यांची धार लवकर मारते.

आता सॉ डॉक्टरांच्या हातोडीकडे वळू. मधला पट्टा ठोकल्याने तेथील पोलाद अगदी थोडे पसरते आणि बाहेरच्या कडेला बाहेर रेटते. म्हणजे कड थंड असतानाच ताणलेली राहते. काम सुरू झाल्यावर ती तापून जेवढी वाढते, तेवढा हा ताण खर्ची पडतो आणि पाते सपाट राहते. कोणी ओढत नसताना ताण कोठून येतो, या माझ्या प्रश्नाचे उत्तर हेच. मात्र ठोके प्रमाणाबाहेर गेले, तर पाते ताटलीसारखे एका बाजूस फुगते. आपल्याकडील तबलजी गजऱ्यावर हातोडीने ठोके देऊन तबला सुरात आणतो. पात्यावर ठोके देणाराही एका अर्थी त्याची वारंवारताच सुधारत असतो. मोठ्या कारखान्यांत हेच काम हातोडीऐवजी दोन रुळांमध्ये पाते दाबून करतात.

कंप आवरण्याचे इतरही उपाय आहेत. कडेवर काही ठिकाणी खाचा पाडतात, म्हणजे तापलेल्या कडेला पसरावयास जागा मिळते. खाचेच्या आतल्या टोकाला बारीक भोक ठेवतात, म्हणजे तेथून चीर पुढे जात नाही. काही पात्यांत नागमोडी बारीक चिरा कापून त्यांत राळेसारखा पदार्थ भरतात; तो कंपाची शक्ती शोषून घेतो. दात्यांमधील अंतर मुद्दाम असमान ठेवले, तर एकाच तालात ठोके बसत नाहीत. दांड्यावरील पकडचकत्या मोठ्या घेतल्या की पात्याचा मोकळा भाग कमी होतो. त्यांच्यामध्ये भुशाचा एक कण राहिला तरी पाते वाकडे बसते. पट्टाकरवतीत मार्गदर्शक ठोकळे ओंडक्याच्या जितके जवळ आणावेत, तितका पट्टा कमी थरथरतो.

कोणी विचारील, एवढा खटाटोप करण्यापेक्षा पाते जाड का घेऊ नये? जाड पाते ताठ असते, यात शंका नाही. जाडी निम्मी केली तर ताठरपणा एक-अष्टमांश होतो. परंतु जाड पाते जेथून जाते, तेथील लाकडाचा भुसा होतो. ३०५ मिलिमीटर रुंदीच्या चौकोनी ओंडक्यातून २५ मिलिमीटरच्या फळ्या काढावयाच्या आहेत असे समजा. कापाची रुंदी ४ मिलिमीटर असेल तर दहा फळ्या निघतात. ३ मिलिमीटर असेल तर अकरा. एका मिलिमीटरात एक फळी! मात्र पातळ पाते कंप पावले, तर फळी लहरी निघते, ती रंधून सपाट करावी लागते आणि मिळवलेले सारे पुन्हा भुशात जाते. म्हणून कंप आवरल्याखेरीज पाते पातळ करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये पूर्वपरवानगीवाचून नव्या सॉ मिल काढण्यास मनाई केली. जंगलातून अधिक लाकूड आणण्याचा मार्ग असा आक्रसत असता, आलेल्या ओंडक्यातून अधिक फळ्या काढणे हाच शहाणपणाचा मार्ग उरतो.

दुसरी बचत माणसाची. थरथरणारे पाते किंचाळते. वर्तुळाकार करवतीचा आवाज १०० डेसिबलपर्यंत सहज पोहोचतो. आपल्याकडील कारखान्यांच्या नियमांत मात्र आठ तासांच्या कामासाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि १०० डेसिबलमध्ये दोन तासांहून अधिक काळ राहू नये असे सांगितले आहे. पिरियापट्टणच्या त्या कारागिरांशी बोलताना माझ्यासोबतच्या गृहस्थांना प्रत्येक प्रश्न दोनदा, आणि मोठ्याने, विचारावा लागत होता. पात्यातील दोष ज्या कानांनी त्यांनी आयुष्यभर ओळखला, ते कान त्या पात्यांनीच नेले होते. आता ते ठोक्याचा नाद बोटांनी अजमावतात. त्यांच्या हाताखाली शिकणारे कोणी नव्हते. ‘‘मुलांना धार लावायचे यंत्र चालवता येते,’’ ते म्हणाले, ‘‘हातोडीला वेळ लागतो.’’

घरी परतल्यावर मी माझे वाक्य खोडले आणि त्या जागी लिहिले: ‘पात्याचा मधला पट्टा ठोकून त्याची कड ताणून घ्यावी, म्हणजे कापताना तापल्यावरही ती सैल पडणार नाही.’ मूळ वाक्यापेक्षा हे लांब आहे, हे मला मान्य आहे. पण एखाद्या गावातील सुताराने ग्रंथालयातून हे पुस्तक नेले, तर काय करावयाचे ते त्याला कळेल. धारदार दाते, स्वच्छ पकडचकत्या, नीट ठोकलेले पाते आणि कानांवर संरक्षक साधन, एवढ्या गोष्टी लहानातल्या लहान कारखान्यालाही परवडण्यासारख्या आहेत.