जुना दगड टाकू नये

(जीर्णोद्धार समारंभात ग्रामस्थांपुढे केलेले भाषण)



आपल्या देणग्यांनी व श्रमदानाने हे देऊळ पुन्हा उभे राहिले, याबद्दल सर्वांचे मनःपूर्वक अभिनंदन. आज मी दगडाविषयी चार शब्द बोलणार आहे.

आपल्या राजुऱ्याहून चंद्रपूर काही लांब नाही. तेथील पापामियाँ टेकडीवर अश्मयुगातील हत्यारे सापडली आहेत. त्या काळी लोखंड नव्हते, तांबेही नव्हते. माणूस घट्ट जातीचा गोटा हाती घेई आणि दुसऱ्या दगडाने त्याच्या कडेवर बेताने घाव घाली. ढलपी उडे, धार निघे. त्या धारेने कातडे सोलावे, लाकूड तासावे. एरवीच्या फुटक्या दगडात आणि हत्यारात फरक हा, की हत्यारावर एकामागून एक काढलेल्या ढलप्यांचे खोलगट वण ओळीने दिसतात. 1863 साली मद्रासजवळ पल्लावरम येथे रॉबर्ट ब्रूस फूट यांनी असा एक दगड ओळखला आणि भारतातील अश्मयुगाचा अभ्यास सुरू झाला.

पुढे लोखंड आले, छिन्नी आली. चिमूर तालुक्यात हिरापूरला उभ्या शिळांवर मोठी शिळा ठेवून रचलेली प्राचीन स्मारके आहेत. वैनगंगेकाठी मार्कंड्याच्या देवळांवर शिल्पकारांनी दगडाला जणू बोलते केले. माडिया बांधवांत मृताच्या स्मरणार्थ दगड उभा करण्याची रीत आहे. म्हणून कोणी आदिवासींना 'अश्मयुगातली माणसे' म्हणेल, तर ते चूक आहे आणि अपमानाचेही आहे. चंद्रपूरचा भक्कम परकोट गोंड राजांनीच बांधला, हे विसरू नये. मात्र दगडाची जात ओळखणे आणि घाव कुठे घालावा हे जाणणे, ही विद्या हत्यार घडविणाऱ्यालाही हवी होती आणि जात्याला टाकी लावणाऱ्या पाथरवटालाही हवी.

आता मुद्द्याचे बोलतो. देवळामागे जुन्या दगडांचा ढीग पडला आहे. त्यात कोरीव खांबाचे तुकडे आहेत, झिजलेल्या मूर्ती आहेत. ते रस्त्याच्या भरावात घालावेत, असे काहींचे म्हणणे आहे. माझी हात जोडून विनंती आहे, तसे करू नये. नवी फरशी पुन्हा विकत मिळेल, हे दगड मिळणार नाहीत. कडुनिंबाखाली ओटा बांधावा, प्रत्येक दगड कुठून निघाला ते वहीत लिहून ठेवावे, मूर्तींना तेलरंग फासू नये आणि तहसील कार्यालयामार्फत पुरातत्त्व खात्याला कळवावे. शेतात नांगराला आगळावेगळा दगड लागला, तर तो कुठे सापडला तेही लिहावे. जागा हरवली की निम्मी माहिती हरवते.

देऊळ नवे झाले, पण गाव जुने आहे. त्याची साक्ष या दगडांतच आहे.