भाग २३: चाळीस रुपयांची रिंग

हेडफोन लावलेत ना? आज कोड नाही, ॲप नाही. आज बोलायचंय एका रबरी रिंगेबद्दल, जी माझ्या करंगळीच्या नखाएवढी आहे आणि जिच्यामुळे आमची होडी भर ओहोटीत बंद पडली होती.

मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो, पण घर देवबागला. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये आमची चिंचोळी वाडी. काकांकडे एक जुनं अमेरिकन टू-स्ट्रोक आउटबोर्ड आहे, माझ्या वयापेक्षा कितीतरी मोठं. गेल्या मे महिन्यात संध्याकाळी आम्ही तिघं खाडीतून परत येत होतो. इंजिन चार-पाच मिनिटं मस्त चालायचं, मग गुदमरल्यासारखं व्हायचं आणि बंद. पुन्हा दोरी ओढली की सुरू, पुन्हा बंद. ओहोटीचं पाणी आम्हाला नदीच्या मुखाकडे खेचत होतं, आणि तिथे लाटा फुटत होत्या. वल्ह्याने किती थोपवणार? शेवटी शेजारच्या होडीने दोर टाकून ओढत आणलं. धाकटा चुलतभाऊ घरी पोचेपर्यंत एक शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी मी इंजिनियर असल्याच्या थाटात कामाला लागलो. प्लग बदलला. कार्बोरेटर खोलून साफ केला. दोन दिवस गेले, पण तीच बोंब. काका पडवीत बसून बघत होते. म्हणाले, "पेट्रोल भायर गळणा नाय, तर वारो आत जाता. आधी नळी बघ रे."

आणि तिथेच माझी चूक होती. मी गळती म्हणजे थेंब शोधत होतो. पण या मोटरींचा इंधनपंप क्रँककेसमधल्या दाबाच्या ठोक्यांवर चालतो आणि टाकीतून पेट्रोल *ओढतो*. ओढणाऱ्या नळीला फट पडली की पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. सगळं कोरडं दिसतं, आणि इंजिन उपाशी.

तपासायचं कसं? क्रमाने सांगतो.

एक, टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का बघा. तो बंद राहिला तरी लक्षणं हीच!

दोन, इंजिन मरायला लागलं की नळीवरचा रबरी बल्ब दाबा. दाबल्यावर इंजिन सावरलं, तर दोष इंधन पोचण्यात आहे.

तीन, इंजिन बंद करून बल्ब कडक होईपर्यंत दाबा. इंजिनकडच्या कनेक्टरवर थेंब आला तर सील गेलं. पण टाकीकडचा कनेक्टर बल्बच्या अलीकडे असतो, तिथे दाब येतच नाही. म्हणून तिथे थेंब कधी दिसणार नाही. नळीत पारदर्शक तुकडा जोडून बुडबुडे बघा.

आता सील बदलणं. काम मोकळ्या हवेत करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, होडीच्या तळाशी साचते. बिडी, चूल, सगळं लांब. कनेक्टरच्या तोंडात स्प्रिंगवरचा छोटा व्हॉल्व्ह असतो. तो बोथट काडीने आत दाबून धरा आणि वाकवलेल्या बारीक तारेने जुनी रिंग अलगद बाहेर काढा. टोकदार स्क्रूड्रायव्हर नको, खाचेला ओरखडा पडला तर नवी रिंगही गळेल. खाच पुसा, नव्या रिंगेला टू-स्ट्रोक ऑइलचं बोट लावा, दुमडून आत सोडा आणि बोटाने सरळ बसवा.

इथे मी दुसरी चूक केली. घाईत नळदुरुस्तीच्या दुकानातली रिंग बसवली. तीन दिवसांत ती फुगली, कनेक्टर लागेचना. पाण्याच्या नळासाठी बऱ्याचदा ईपीडीएम रबर वापरतात, ते पेट्रोलमध्ये फुगतं. नायट्राइल चालतं; पण आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, त्यामुळे मी व्हिटॉन घेतलं. कोल्हापुरात हायड्रॉलिक सीलच्या दुकानात मिळालं, चाळीस रुपये. आणि माप जुन्या रिंगेचं घेऊ नका, ती वर्षानुवर्षं दबून चपटी झालेली असते. व्हर्नियरने खाच आणि पिन मोजा.

अजून एक. १९५०च्या दशकातल्या जॉन्सन, एव्हिनरूड मोटरींपैकी काहींना दोन नळ्या असतात. एकीतून हवा टाकीत जाते, त्या दाबाने दुसरीतून पेट्रोल येतं. तिथे हिशेब उलटा, गळती खरोखर बाहेर होते. टाकीतला दाब सोडल्याशिवाय कनेक्टरला हात लावू नका.

आता दोन्ही टोकांच्या रिंगा आम्ही दर पावसाळ्यानंतर, होडी पाण्यात लोटायच्या आधी बदलतो. जास्तीच्या दोन रिंगा डबीत असतात, आणि वल्ही होडीतच.

ऑफिसात बग आला की आपण सगळ्यात अवघड फाइल आधी उघडतो, नाही का? मी आता आधी नळी बघतो.

तुमच्या घरी असं एखादं जुनं यंत्र असेल, तर ते चालवणाऱ्या माणसाशेजारी एक संध्याकाळ बसा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!