लाल दिवा आणि एचसीजी
(गणेशोत्सवात केलेल्या भाषणावरून)



१८४४ साली सुरू झालेले सरकारी प्रसूती रुग्णालय आपल्या एग्मोरातच आहे. बाईला दिवस गेले की नाही, हे लघवीतल्या एचसीजी या हार्मोनवरून कळते. ते वारेतून स्रवते. पण फुप्फुसाच्या कर्करोगाच्या काही गाठीही हेच हार्मोन तयार करतात! मग गर्भ नसताना, क्वचित पुरुषाचीसुद्धा, तपासणी पॉझिटिव्ह येते. पुरुषाच्या छातीला सूज येऊ शकते. लाजेपोटी तो ती लपवतो आणि वेळ जातो.

पॅनेलवर ट्रॅक सर्किट लाल झाले की आपण म्हणतो, गाडी उभी असेल. कधी रूळ तुटलेला निघतो. माणूस जाऊन पाहतो, तेव्हा उलगडा होतो. इथे ते काम सीटी स्कॅन आणि बायोप्सीचे.

फरक मात्र मोठा आहे. आपले सर्किट बिघडले तर लाल दाखवते. एचसीजीचे तसे नाही. फुप्फुसाच्या बहुतेक कर्करोगांत ते वाढतच नाही. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला, आता बिनघोर झालो, असे समजू नये.

तीन आठवड्यांवर टिकलेला खोकला, थुंकीत रक्त, घटते वजन, छातीला सूज, यांपैकी काहीही दिसले तर डॉक्टरांना गाठा. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डींनी १९५४ साली उभारलेली कॅन्सर इन्स्टिट्यूट अड्यारला, म्हणजे हाकेच्या अंतरावर आहे. आणि बाप्पासमोर आज विडी-सिगारेट सोडण्याचा संकल्प करा.

गणपती बाप्पा मोरया!