पाणी अडवणारे जिवाणू



"इंजिनिअर झालीस ना, मग आमच्या कामाचं काहीतरी सांग," अशी अट घालून मला इथे उभं केलंय. माझं काम सॉफ्टवेअरचं; पण समोर बसलेल्या कितीतरी जणांच्या घरी कांदा आहे आणि कांद्यासाठी शेततळं आहे. म्हणून गळतीबद्दल बोलते.

तळ्यात आपण ५०० मायक्रॉनचा कागद अंथरतो. तो उंदीर कुरतडतात, उन्हाने तो कडक होतो आणि ऐन उन्हाळ्यात पाणी उतरतं. यावर जगात एक वेगळा उपाय अभ्यासला जातोय. स्पोरोसार्सिना पाश्चुरी नावाचा एक जिवाणू मातीतच सापडतो. आकार जेमतेम एक-दोन मायक्रॉन. तो युरिया फोडतो, त्यातून कार्बोनेट तयार होतं. सोबत कॅल्शियम असेल तर त्याची चुनखडी बनते. ती कणांमधल्या फटीत बसते आणि पाण्याची वाट अरुंद होते.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने इस्रोसोबत २०२० साली चंद्रावरच्या मातीसारखी भुकटी, युरिया, गवारीचा डिंक आणि हाच जिवाणू घेऊन विटा केल्या. अमेरिकेत अलाबामा राज्यात २०१४ साली जवळपास ३४० मीटर खोल खडकातली भेग याच पद्धतीने बुजवली.

मग उद्याच आपल्या तळ्यात टाकायचा का? माझं उत्तर आहे, अजून नाही.

एक तर वाळूत, मुरमात हा जिवाणू आत शिरतो. चिकण काळ्या मातीच्या बारीक छिद्रांत तो अडकतो. दुसरं कारण हिशोबाचं. ४५ किलोची युरियाची एक गोणी पूर्ण फुटली आणि कॅल्शियम पुरेसं असलं, तर ७५ किलो चुनखडी मिळते. पण सोबत २७ किलो अमोनियमही तयार होतं. ते सगळं जमिनीत नायट्रेट झालं, तर सुमारे ९३ किलो होईल. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे एका गोणीतून निघालेलं नायट्रेट २० लाख लिटर स्वच्छ पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. हे अमोनियम धुऊन गोळा करता येतं, पण त्याचा खर्च कोणी करायचा?

आणखी एक गोष्ट. प्रत्येक गळती म्हणजे नुकसान नव्हे. १९७२च्या दुष्काळानंतर आपल्या राज्यात गावोगावी पाझर तलाव खोदले, ते पाणी मुरावं म्हणूनच. चणकापूरसारख्या मातीच्या धरणातूनही थोडं पाणी झिरपतंच; ते गढूळ येऊ लागलं, तर मात्र धोका. आपल्या बांधाखालून जाणारं पाणी पुढे कोणाच्या तरी विहिरीत उतरतं. ती वाट बुजवली तर आपलं तळं भरलेलं राहील, पण शेजारची विहीर आटेल. कुठली फट बुजवायची, हे जिवाणूला कळत नाही. ते आपणच ठरवायचं.

म्हणून एवढंच सांगते. पुढेमागे कोणी गळती थांबवणाऱ्या जिवाणूंची पावडर घेऊन दारात आलं, तर त्याला हाकलू नका आणि लगेच पैसेही देऊ नका. दोन प्रश्न विचारा: अमोनिया कुठे जाणार? आणि खालच्या अंगाला विहीर कोणाची आहे? उत्तर पटलं, तर आधी एका छोट्या खड्ड्यात करून बघा. गरज पडली तर मला फोन करा; हिशोब आपण मिळून करू.