परक्या जहाजाला वाट सांगताना

घरी पहिल्यानेच पाहुणा यायचा असला म्हणजे आपण त्याला आधी काय कळवतो? एस. टी. कोठे थांबते, तेथून पाणंद कोणती, ओहोळावर साकव आहे की पाण्यातून यावे लागते, आणि दारातले कुत्रे बांधलेले आहे की मोकळे! जेवणात काय आहे ते आल्यावर कळले तरी चालते. जहाज हा बंदराचा असाच पाहुणा. बंदर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे धक्का, याऱ्या आणि गुदामे उभी राहतात. या सोयी हव्यातच. पण त्यांच्याही आधी कप्तानाला हवी असते ती खरी माहिती.

आपल्या शिरोड्याच्या जवळचेच उदाहरण घेऊ. दक्षिणेला यशवंतगडाचे रेडी आहे. तेथल्या खाणींतले लोहखनिज जहाजांनी परदेशी गेले. पण मोठे जहाज रेडीच्या काठाला भिडत नाही. ते बाहेर खोल पाण्यात नांगर टाकते, आणि माल बार्जांतून त्याच्याकडे न्यावा लागतो. उत्तरेला वेंगुर्ले. तेथे सतराव्या शतकात डचांनी वखार घातली. पुढे मुंबईच्या आगबोटी येऊ लागल्या, तेव्हाही उतारू पडावांत बसूनच काठाला येत. सांगायचा मुद्दा हा, की जेथे धक्का तोकडा, तेथे माहितीची गरज दुप्पट.

कप्तानाचा पहिला प्रश्न, पाणी किती? आपले तांडेल पाणी वावांत मोजत आले; आजच्या नकाशात ते मीटरांत असते. नकाशातली खोली अगदी नीच ओहोटीच्या पाण्यावरून धरतात. भरतीचे पाणी त्यात मिळवायचे असते. समजा, नकाशात ५ मीटर आहे आणि जहाज ६ मीटर पाण्यात बुडते. भरतीचे १.८ मीटर मिळवले तर ६.८ झाले. म्हणजे तळाखाली उरले अवघे ८० सेंटिमीटर, आणि लाटेवर जहाज खालीवर होणार ते वेगळेच! सुकती लागण्याआधी निघाले नाही, तर जहाज रुतलेच म्हणून समजा.

भरतीची वेळ आपल्या जुन्या माणसांना तोंडपाठ असे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अदमासाने निघते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. रीत अदमासाची आहे, जागेपरत्वे तिच्यात फरक पडतो. जहाजासाठी छापील कोष्टकच पाहावे लागते. पण कोष्टक आणि तिथी, दोन्ही एकाच चंद्रावर चालतात, हे मुलांना सांगण्याजोगे आहे.

दुसरा प्रश्न, खडक कोठे? निवतीसमोर भर समुद्रात खडकांचा एक पुंजका आहे. नकाशात त्याला वेंगुर्ला रॉक्स म्हणतात, आणि त्यावर दीपगृह आहे. तो दिवा 'ये' म्हणत नाही. 'जपून, इथे खडक आहे' असे बजावतो. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप निराळी ठेवलेली असते. कप्तान घड्याळ लावून ती मोजतो आणि आपण कोठे आहोत ते ओळखतो. बंदरात शिरण्याच्या वाटेवर बोये असतात. आपल्याकडे आत येताना तांबडा बोया डाव्या हाताला आणि हिरवा उजव्या हाताला ठेवायचा. अमेरिकेत नेमके उलटे. म्हणून 'सगळ्यांना ठाऊकच आहे' असे बंदराने कधी धरून चालू नये.

तिसरा प्रश्न ऋतूचा. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत आपल्या किनाऱ्यावरची लहान बंदरे बहुतेक मिटलेली असतात. हा नुसता कागदी नियम नव्हे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली रामदास बोट पावसाळी दर्यात बुडाली आणि सहाशेंवर माणसे गेली. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतो, त्यामागे हीच जाण आहे.

आता महत्त्वाची गोष्ट. ही माहिती एकदा लिहून संपत नाही. वाळूचा दांडा सरकतो, बोया साखळी तोडून वाहत जातो, दिवा विझतो. देशाच्या सागरी नकाशांचे कार्यालय आहे समुद्रापासून दूर, डेहराडूनला. तेथून नाविकांसाठी सूचनापत्रे निघतात आणि त्यांवरून जगभरची जहाजे आपापले नकाशे दुरुस्त करतात. पण डेहराडूनला बसलेल्या माणसाला आपल्या खाडीच्या तोंडाशी वाळू साचली हे कोण सांगणार? काठावरच्यांनीच ते कळवायला हवे. दिवा नसला तर कप्तान सावध तरी राहतो; पण चुकीच्या जागी गेलेल्या बोयावर तो विश्वास टाकतो, आणि तेथेच घात होतो.

मच्छीमार बंधूंचा तर यात दुहेरी संबंध आहे. पाण्याखालची खडपे त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक नाहीत. आणि नांगराची जागा नीट ठरलेली नसली तर जहाजाखाली जाळी त्यांचीच फाटतात. तेव्हा खडक, वाळू, जाळ्यांच्या जागा बंदर अधिकाऱ्याला कळवाव्यात, आणि अधिकाऱ्यानेही जहाज केव्हा, कोठे उभे राहणार ते गावाला आधी सांगावे. १९९६ च्या कायद्याने आलेल्या महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आज आपल्या लहान बंदरांचा कारभार आहे. माहितीचा हा रस्ता दोन्ही बाजूंनी वाहता हवा.

शिक्षक मित्रांना एक सुचवतो. खाडीत एक काठी रोवा, तिच्यावर सेंटिमीटरच्या खुणा करा, आणि अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत रोज भरतीची वेळ व उंची मुलांकडून वहीत लिहून घ्या. मात्र काठीजवळ एखादे जाणते माणूस उभे असू द्या. उधाण आणि भांग यांतला फरक मुले स्वतः काढतील. एखाद्या दिवशी पाहिले नसेल, तर तो रकाना कोरा ठेवायला सांगा; अंदाजाने भरू देऊ नका. बंदराच्या कामाची पहिली शिस्त तीच आहे.